उजळ कापडावरचं रक्त

हातावर पहिलं जांभळं उमटलं तेव्हा ताईने विचारलं, "कुणी मारलं गं?"

"पिशवीने," रफूबाई म्हणाली.

खोटं नव्हतं. कपड्यांची पिशवी कोपराला अडकवून ती दोन गल्ल्या चालली होती, एवढंच. पण रक्त पातळ करण्याची गोळी खाणाऱ्या बाईला पिशवीचा बंदसुद्धा फटका मारून जातो. टेबलाचा कोपरा मारतो, दाराची कडी मारते. झोपेत कूस बदलताना स्वतःचाच अंगठा स्वतःला मारतो आणि सकाळी दंडावर त्याचा पुरावा असतो. रफूबाई हे पुरावे धंद्याच्या नजरेने बघायची. जांभळा, मग शेवाळी, मग जुन्या कागदासारखा पिवळा. एका करड्या रंगाच्या वीस छटा वेगळ्या काढणं हेच तिचं चाळीस वर्षांचं काम. स्वतःच्या कातडीवर तेच काम फुकटात करावं लागेल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची एक झडप काढून तिथे धातूची बसवली. झडप टिकाऊ, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून गोळी जन्माची. गोळीबरोबर तिचं सगळं खटलंही आलं. दात घासले की बेसिनमध्ये गुलाबी थुंकी. नाक शिंकरायचं तेही जपून. मान कितीही दुखली तरी दुखण्यावरची साधी गोळी घ्यायची नाही, दोन्ही गोळ्यांचं पटत नाही. पालेभाजी रोज मोजून तेवढीच, कारण जास्त झाली की गोळीचं बळ उतरतं. महिन्याला एकदा दवाखान्यात जाऊन रक्ताचा आकडा काढायचा, आणि आकडा काढायला सुई टोचली तिथे आठवडाभर नवं जांभळं मिरवायचं.

घरात ती आणि थोरली बहीण, दोघीच. रफूबाईचा नवरा लवकर गेला होता आणि ताईने लग्नच केलं नव्हतं. ताईने जन्मभर शाळेच्या कचेरीत हजेरीपट सांभाळले होते. आता सांभाळायला एकच विद्यार्थी उरला होता. संध्याकाळी सातच्या ठोक्याला ती एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन उभी राहायची.

"घे."

"घेते. कुठे पळून जात नाही."

"तुझा काय नेम. लहानपणी औषध कुंडीत ओतायचीस."

"ती कुंडी जगली ना?"

"कुंडी वाळली," ताई म्हणायची. विनोद तिला समजत नसे, आणि अलीकडे नीट ऐकूही येत नसे.

कपडे धुण्याच्या दुकानाची मागची खोली हे रफूबाईचं खरं घर. रुंद खिडकी, खिडकीशी एक खुर्ची, खुर्चीच्या हाताला सुया टोचलेली गादी. समोर चार पावलांवर इस्त्रीचं लांब टेबल आणि वाफेचं यंत्र. त्या टेबलाचा धनी होता इस्त्रीवाला. काउंटरवरच्या मुलींनी त्याला वाफ्या म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्याला असं चिकटलं की त्याची बायकोही त्याला शोधत आली की तेच विचारी. चाळिशीचा, दंडाने जाडजूड, जिभेने बारीक.

रफूबाईच्या छातीतली झडप वाजायची. टिक, टिक. दुकानाच्या पुढच्या भागात कुणाला ऐकू येत नसे, पण मागच्या खोलीत यंत्राची वाफ थांबली की चार पावलांवर स्पष्ट ऐकू यायची. वाफ्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "बाई, गजर किती वाजताचा लावलाय?"

"तुझ्या मरणाच्या वेळेचा."

"मग जरा मागेपुढे करता येतो का बघा. माझी सुट्टी आहे शुक्रवारी."

तेव्हा मुली हसल्या आणि रफूबाईही हसली. पण सहा वर्षं तोच विनोद रोज ऐकला की त्यातला विनोद झिजतो आणि खालचं जोतं उघडं पडतं. वाफ्याला ती खुर्ची हवी होती, स्वतःसाठी नाही, बायकोसाठी. बायकोने यंत्रावरचं शिवण शिकून घेतलं होतं आणि ती घरी बसून होती. रफूबाई अठ्ठावन्नची झाली होती, छातीत लोखंड घालून फिरत होती. माणसाने वाट तरी किती बघावी?

आणि वाट बघायला त्याच्याकडे आता कारणही होतं. रफूबाईच्या बोटांतून रक्त येऊ लागलं होतं.

रफू करणारी बाई कापड डाव्या हाताच्या तर्जनीवर ताणून धरते. सुई वरून जाते आणि तिचं टोक खालून त्या बोटाला लागतं. ते लागलं की कळतं, किती धागे खाली गेले, किती वर राहिले. बोटावर टोपण चढवलं तर बोट आंधळं होतं. डॉक्टरीणबाईंनी रबराची टोपी घालायला सांगितली होती. रफूबाईने एक दिवस घातली, एक बाही बिघडवली आणि टोपी उंदराला घर म्हणून खिडकीत टाकली. पूर्वी त्या बोटाला घट्टा होता, सुई लागली तरी रक्त फिरकत नसे. आता घट्ट्यातूनही ते झिरपायचं आणि एकदा आलं की थांबायचं नाव घेत नसे. पाच मिनिटं दाबून धरा, दहा धरा. थांबलं असं वाटावं आणि कापडाची घडी घालताना त्याने पुन्हा डोकं वर काढावं.

त्यावर धंद्यातला उपाय होता, जुना. पांढरा दोरा तोंडात चघळायचा, त्याची ओली गोळी करायची आणि डागावर हलके टिपायची. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी, दुसऱ्याची चालत नाही, असं धंद्यातले लोक मानतात. रफूबाईने कधी पडताळून बघितलं नव्हतं. तिची थुंकी तिच्या रक्ताला पुरत होती, बस. डाग ताजा असला आणि त्याला उष्णता लागली नसली की तो निघतोच. उष्णता लागली तर देवाचा बापही काढू शकत नाही.

साय रंगाचा लोकरी कोट आला तो थंडीच्या सुरुवातीला. खांद्यावर कसरीने खाल्लेली तीन भोकं. कोटाची मालकीण एक वकील बाई होत्या, आणि कोट त्यांच्या आईचा होता. रफूबाईने आतल्या पट्टीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, कोटाचेच धागे ओढून काढले आणि दोन दिवस बसून तिन्ही भोकं भरली. भरल्यावर ती स्वतःच हात फिरवून शोधू लागली, कुठे होती म्हणून. एकदा सुई लागली होती. थेंब आला, तिने टिपला, गेला. मग तिने कोट इस्त्रीच्या दांडीवर टांगला.

तीन दिवसांनी दुकानाच्या मालकीणबाईंनी तिला पुढे बोलावलं. काउंटरवर कोट पालथा पडला होता. छातीवरच्या दुमडीच्या आत मसुरीएवढा तपकिरी डाग.

"बाई, हे काय?"

रफूबाईने बघितलं. रक्त होतं. तिचंच असणार, घडी घालताना बोट पुन्हा उघडलं असणार. हे ती कबूल करणार होती. तोंड उघडलंही होतं. पण हात आपोआप कोट उजेडाकडे घेऊन गेला आणि डोळ्यांनी त्यांचं काम केलं.

डागाभोवती कापड चकाकत होतं, आणि ती चकाकी त्रिकोणी होती. इस्त्रीच्या नाकाएवढी. लोकरीवर नेहमी ओलं फडकं टाकून मग इस्त्री फिरवतात, हे वाफ्याला काय शिकवायचं? फडकं असतं तर रक्त पसरलं असतं, फडक्याला लागलं असतं, फिकं वर्तुळ पडलं असतं. इथे कडा सुईने आखल्यासारखी होती. म्हणजे कोणीतरी ताजा डाग बघितला होता, फडकं बाजूला केलं होतं आणि तापलेल्या इस्त्रीचं नाक नेमकं त्यावर टेकवून धरलं होतं.

"त्या वकील आहेत," मालकीणबाई म्हणत होत्या. "मला म्हणाल्या, माझ्या आईच्या कोटावर कुणाचं रक्त आहे ते तरी सांगा. काय सांगू?"

"माझं आहे."

"ते दिसतंय. हे या वर्षातलं दुसरं." पहिल्या डागावर नुसतीच बोलणी बसली होती. मालकीणबाईंनी आवाज खाली आणला. "असं करू. यापुढे तुम्ही गडद कपडेच घ्या. काळे, निळे. रक्त पडलं तरी दिसणार नाही. उजळ कामासाठी इस्त्रीवाल्याची बायको यायला तयार आहे."

त्यांना वाटलं आपण उपकार करतोय. काळ्यावर काळा धागा विणायला वीस वर्षांच्या पोरीचे डोळे लागतात हे त्यांना कुठून ठाऊक असणार. गडद कपडे म्हणजे सहा महिन्यांत घरी, तेही स्वतःच्या पायांनी, कुणी काढून टाकलं असं म्हणायची सोय न ठेवता.

रफूबाई मागे आली. वाफ्या एका विजारीची घडी जुळवत होता.

"नाक टेकवलंस," ती म्हणाली.

"कुणाचं नाक?"

"फडकं काढून टेकवलंस. मला दिसतं."

वाफ्याने पायाने दांडी दाबली. यंत्र फुसकारलं, खोली वाफेने भरली आणि त्या आवाजाच्या आडोशाने तो म्हणाला, "रक्त तुमचं, इस्त्री माझी. जा, सांगा मालकीणबाईंना. म्हणावं, माझ्या रक्ताने काही केलं नाही हो, त्याच्या इस्त्रीने केलं."

"तुझे हात झडोत."

"झडले तर रफू करा," तो म्हणाला आणि विजार उलटी केली.

ती परत पुढे गेली. भांडली नाही. मालकीणबाईंसमोर उभं राहून तिने एक महिना मागितला. एक महिना उजळ कपडे, एकही ठिपका पडला नाही तर खुर्ची आहे तशी. पडला तर आपणहून जाईन. मालकीणबाईंनी जरा विचार केला आणि भांडण मिटल्याच्या आनंदात हो म्हटलं.

आता हा महिना कसा काढायचा? इथे रफूबाईने जे केलं ते दुसऱ्या धंद्यातल्या माणसाला सुचलं नसतं. तिचा सगळा धंदाच मुळी एका तत्त्वावर उभा होता. जिथे दिसत नाही तिथला धागा काढायचा आणि जिथे दिसतं तिथे भरायचा. पट्टीतला एक धागा गेल्याने कोट उसवत नाही. दोन गेल्याने उसवत नाही. तिने सोमवारची गोळी काढली.

ताईसमोर पेला तोंडाला लावायचा, गोळी गालात ठेवायची, मग आत जाऊन रिकाम्या रिळाच्या पोकळीत ढकलायची. मंगळवारी घेतली, बुधवारी काढली. मग आठवडा संपताना तिला वाटलं, एवढे धागे काढले तरी कापड कसं घट्ट आहे. मग तिने सगळ्याच काढल्या.

आणि बोट सुकलं. सुई लागायची, टोकावर लाल टिंब यायचं आणि जागच्या जागी थिजायचं, पूर्वीसारखं. हिरड्या शांत झाल्या. दंडावरचं शेवटचं जांभळं पिवळं होऊन विरलं आणि नवं आलं नाही. रफूबाईने एक पांढरा सदरा, दोन बदामी झगे आणि एक मोत्याच्या रंगाची शाल भरून काढली, ठिपकाही नाही. प्रत्येक कपडा ती स्वतः वाफ्याच्या टेबलावर नेऊन ठेवायची, उलटा सुलटा करून दाखवायची.

"बघून घे. नंतर म्हणशील, होतं."

"बघितलं."

"चष्मा लाव आणि बघ."

"बाई, माज आलाय तुम्हाला."

"आला. तुझ्याकडून उसना नाही घेतला."

तिसऱ्या आठवड्यात दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना ती मध्येच थांबू लागली. थंडी आहे, ती म्हणाली. चालण्याने दम लागतो, तिने ताईला सांगितलं आणि उशा दोन केल्या. ताईने पालेभाजी निम्मी केली. काहीतरी करायला हवं म्हणून.

त्याच आठवड्यात एका दुपारी रफूबाई एका फिक्या राखाडी कोटाची बाही भरत होती. वाफ्याने यंत्र बंद केलं होतं, पाणी बदलायचं होतं. तो बादली घेऊन तिच्या खुर्चीमागून गेला, पुन्हा आला. मग बादली खाली ठेवून उभा राहिला.

"घड्याळ बंद आहे आज?"

तिने मान वर केली नाही. सहा वर्षांचं शिळं अन्न.

"बाई, तुम्हालाच विचारतो. चावी द्यायला विसरलात काय?"

"तुझ्या बायकोला दे चावी. वाट बघतेय ती."

नेहमी इथे त्याच्याकडून उलट एक यायचं. आलं नाही. तो दोन पावलं जवळ आला आणि वाकला, परक्या बाईच्या इतकं जवळ वाकू नये तेवढा. तिला त्याच्या अंगाचा जळक्या सुताचा वास आला.

"वाजत नाहीये," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "परवापण नीट येत नव्हतं. मला वाटलं, यंत्रामुळे. वाजत नाहीये, बाई."

रफूबाईने सुई कापडात टोचून ठेवली आणि तळहात छातीवर ठेवला. आत काहीतरी होतं, पण ते भिंतीपलीकडे कुणी चटई आपटावी तसं. धातूचा तो कोरडा, स्वच्छ आवाज नव्हता. तिला त्या आवाजाचा सहा वर्षं तिटकारा होता आणि त्यामुळेच तो गेला कधी हे तिला कळलं नव्हतं. ताईला तर तो कधी ऐकूच आला नव्हता. जगात एकच माणूस तो रोज ऐकत होता.

वाफ्या ओरडत पुढे धावला. मालकीणबाईंनी गाडी काढली.

झडपेवर गुठळी धरली होती. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं, झडपेच्या दोन पाकळ्यांपैकी एक अडकलेली, दुसरी एकटीच धापा टाकत उघडमीट करणारी. "दोन दिवस आणखी गेले असते तर तुम्ही पायऱ्यांवरच संपला असता," त्या म्हणाल्या. "किंवा गुठळी मेंदूत गेली असती, मग संपलाही नसता. कुणी सांगितलं होतं गोळी बंद करायला?"

"कुणी नाही."

"का केली?"

पट्टीतल्या धाग्यांची गोष्ट तिथे सांगण्यासारखी नव्हती. पांढऱ्या चादरीवर पडल्या पडल्या तिने चादरीचं विणकाम बघितलं. हलकं होतं.

नळीतून गुठळी विरघळवणारं औषध गेलं. तिसऱ्या दिवशी पाकळी सुटली. त्या औषधाने हात, पोट, मांड्या, जिथे जिथे सुई लागली तिथे सगळीकडे काळंनिळं झालं. गोळी पुन्हा सुरू झाली, थोडी वाढवून. ताई भेटायला आली होती. तिने घरातली सगळी रिळं उपडी करून बघितली होती आणि सापडलेल्या गोळ्या रुमालात बांधून आणल्या होत्या. रुमाल तिने बहिणीच्या उशाशी ठेवला.

"कुंडीत तरी ओतायच्या होत्यास," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा केलेला विनोद.

महिन्याने रफूबाई दुकानात गेली तेव्हा खिडकीतल्या खुर्चीवर वाफ्याची बायको होती. मालकीणबाई लगबगीने मागे आल्या. खुर्ची तुमचीच आहे, त्या म्हणाल्या, तुम्ही होतात तोवर एकही ठिपका पडला नव्हता, मी शब्दाला जागते. बायको आता गडद कामं बघते, तिच्यासाठी स्टूल आणलंय. आणि फावल्या वेळात तुमच्याकडून थोडं शिकेल. चालेल ना? बायको तोवर उठून उभी राहिली होती. पंचविशीतली, हडकुळी. तिच्या हातात एका निळ्या कोटाचं काम होतं. टाके जाड होते, भोक बुजलं होतं पण त्याची कबर दिसत होती.

रफूबाई खुर्चीवर बसली. वाफ्या टेबलापाशी उभा होता आणि हातातल्या सदऱ्याला मुळीच गरज नसताना त्याची कॉलर पुन्हा पुन्हा दाबत होता.

"बरं आहे ना आता?" त्याने विचारलं.

"वाजतंय. ऐक."

"ऐकलं. आलात तेव्हाच ऐकलं." त्याने इस्त्री उभी केली. "बाई, मी नसतो तर..."

"माहीत आहे."

"मी एवढंच म्हणतोय की..."

"माहीत आहे, म्हटलं ना. तू नसतास तर मी गोळी बंद केली नसती. आणि तू नसतास तर मी मेले असते. दोन्ही बाजूंनी तूच. आता यातलं कुठलं धरून चालायचं ते माझं मी बघेन. तू तुझी इस्त्री बघ."

वाफ्याने इस्त्री उचलून पुन्हा त्याच कॉलरवर ठेवली. बायको एकदा नवऱ्याकडे, एकदा रफूबाईकडे बघत राहिली. तिला कोटाचं काही ठाऊक नसावं. ठाऊक असतं तर तिने स्टूल एवढं जवळ ओढलं नसतं.

पहिलं काम पुढ्यात आलं ते फिकट गुलाबी ब्लाउजचं. रफूबाईने शिवणीच्या आतून धागा ओढला, सुईत ओवला, कापड तर्जनीवर ताणलं. चौथ्याच टाक्याला सुई लागली. रक्त आलं, पातळ, चपळ, आणि कापडाच्या आतल्या बाजूला पसरू लागलं. तिने दोरा तोंडात घातला, चघळला, टिपला. पुन्हा टिपला. बोट दुसऱ्या हाताने दाबून धरून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. आता रोज असंच. दहा टाके, मग दहा मिनिटं बोट धरून बसायचं. एका बाहीला दिवस जाईल. मालकीणबाईंचा शब्द अशा किती बाह्या टिकेल, कुणास ठाऊक.

"आत्याबाई," स्टुलावरून आवाज आला. "तो डाग कसा काढलात? मला शिकवाल?"

प्रश्नात खोट नव्हती. मुलगी गरीब होती आणि तिचे डोळे चांगले होते, काळ्यावर काळं सहज दिसेल असे. सहा महिन्यांत तिला सगळं आलं असतं.

"नाही," रफूबाई म्हणाली.

टेबलाकडची इस्त्री थांबली. मुलीने मान खाली घातली, पण स्टूल हलवलं नाही. तिथून तिला रफूबाईचे दोन्ही हात दिसत होते. रफूबाईने खुर्ची उचलली आणि फिरवली, खिडकीकडे पाठ, मुलीकडे पाठ, समोर नुसती भिंत. तिची स्वतःची सावली ब्लाउजवर पडली आणि गुलाबी रंग मातकट झाला. धागे दिसेनात. मग तिने बघणं सोडून दिलं, कापड बोटावर ताणलं आणि सुई खालून बोटाला कधी लागते याची वाट बघत हळूहळू आत ढकलली.